नीलमणीचं घरटं

नाकाडोंगरीजवळच्या खाणीत तीस वर्षं राबून निवृत्त झालेल्या संघपाल रामटेकेंचा उजवा खांदा कामातून गेला होता. तरीही सकाळी ते कॅमेरा आणि लांबलचक लेन्स डाव्या खांद्यावर घेत आणि जंगलाची वाट धरत. त्यांची बायको रीनाबाई करवादत, "दुनिया वाघ पाहाले जाते. तुमी एवढ्याशा पाखरापायी काहून जीव काढून राहिले?"

त्यांना नीलमणी हवा होता. चिमणीएवढा निळा पक्षी, पण एका जागी ठरेल तर शपथ. तीन उन्हाळे गेले, एकही फोटो धड आला नव्हता.

यंदा जूनमध्ये बांबूच्या बेटात त्यांना नीलमणीचं घरटं सापडलं. आत तीन पिल्लं होती. दगडावर बसून त्यांनी लेन्स रोखली. मादी चोचीत अळी घेऊन आली, पण माणूस दिसताच पानांआडून मागे फिरली. तासभर हेच चाललं. चोची वासून वासून पिल्लं थकली आणि घरट्यात दिसेनाशी झाली.

संघपाल गुडघ्यावर हात टेकून उठले. बरेच लांब गेल्यावर त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा मादी घरट्यावर उतरत होती.

"भेटला का फोटू?" रीनाबाईंनी दारातच विचारलं.

"नाही. मीच तिले भेववून राहिलो होतो," ते म्हणाले आणि बूट न काढताच खाटेवर आडवे झाले.

पिल्लं उडेपर्यंत ते त्या बाजूला फिरकले नाहीत.