माझ्या शेजारी कोण होतं?

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि बहुतेक वेळा हसून पान उलटते. घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, वळणावर लिफ्ट मागणारा माणूस... आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. वडील रेल्वेत फिटर, आई चर्चमधली. भुताखेतांना घाबरायचं म्हणजे देवावरचा विश्वास कमी पडला, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पुढे मी सोलापुरातच शिक्षिका झाले, मुलांना विज्ञान शिकवलं. तेव्हा हे भुताची गोष्ट म्हणून वाचू नका. मग काय म्हणून वाचायचं? ते मला कळलं असतं तर मी इतकी वर्षं गप्प बसले नसते.

पंच्याहत्तर सालचा उन्हाळा. आदल्या हिवाळ्यात माझी आई वारली होती. मी सव्वीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. वडील आणि मी रेल्वे लाईन्सजवळ राहायचो. थोरली बहीण मंगळवेढ्याला दिलेली. घरापासून थोडं चाललं की आमचं चर्च — काळ्या दगडाचं, कौलारू, आवारात दोन कडुलिंब.

आईबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आई प्रार्थना करायची ती शेजारणीशी बोलावं तशी. भाकरी थापता थापता म्हणायची, "प्रभू, आज पाठ लई धरलीय बघ." मग जरा थांबायची. ऐकत असल्यासारखी. आणि कधी कधी चक्क हसायची! मी विचारायचे, "काय म्हणाला गं?" तर म्हणायची, "तुला काय करायचंय? तुझं तू विचार की."

मी विचारायचे. पण मला कधी काही ऐकू आलं नाही. मी चर्चच्या गायनात होते, वचनं पाठ होती, उपासना कधी चुकवली नाही... पण पलीकडे कुणी आहे असं मला कधी वाटलंच नाही. आई होती तोवर तिच्या शेकोटीवर माझं भागलं. ती गेली आणि सगळं गार पडलं. रविवारी सगळे गायचे, माझेही ओठ हलायचे, आणि आत नुसतं कोरडं. आपण आयुष्यभर रिकाम्या खोलीशी बोलत आलो की काय, असं वाटायला लागलं. ज्याला असं कधी वाटलं असेल त्यालाच ते कळेल.

शाळेला सुट्टी लागली तशी मी दुपारी चर्चमध्ये जाऊन बसायला लागले. वडील जेवून झोपायचे. चर्चची किल्ली मार्थामावशीकडे असायची. ती मंगळवेढ्याकडची, विधवा, आवारातल्या खोलीत राहायची, झाडलोट बघायची. आईची जिवाभावाची मैत्रीण.

"एवढ्या उन्हाचं कशाला येतीस गं?" ती म्हणायची. "देव काय संध्याकाळचा न्हाय का?"

मी हसून आत जायचे. बायकांच्या बाजूला, आई बसायची त्या बाकावर बसायचे. वेतानं विणलेले जुने लांब बाक होते ते. बसलं की वेत दबायचा, करकर वाजायचा. डोळे मिटून मी एकच मागायचे — मला तुझ्याजवळ यायचंय. मला येता येत नसेल तर तू ये. एकदा तरी जवळ ये.

कितीतरी दुपारी गेल्या. काही झालं नाही. कौलांतल्या चिमण्या, लांब कुठंतरी इंजिनांच्या शंटिंगचा आवाज, बस्स.

आणि मग एके दिवशी माझ्याशेजारी वेत करकरला.

मला वाटलं मावशी आली. डोळे न उघडता मी थोडी सरकलेसुद्धा. पण मावशीच्या बांगड्या वाजल्या नाहीत, ती बोलली नाही. म्हणून डोळे उघडले. शेजारी कुणी नव्हतं... पण वेत दबलेला होता. हातभर अंतरावर, माणूस बसल्यावर दबतो तसा, खोलगट. मी बघत राहिले. तो वर येईना.

मग लक्षात आलं की चिमण्या गप्प झाल्यात.

कसली भीती वाटली ते सांगणं अवघड आहे. कुणी मारेल, गळा दाबेल अशी ती नव्हती. समजा, तुम्ही विहिरीच्या काठावर बसलाय आणि एकदम कळलं की विहीर तुमच्याकडे बघतेय... तशी. ते जे काही होतं ते फार मोठं होतं, आणि एवढ्याशा जागेत बसलेलं होतं, माझ्यासाठी. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं तर मी संपेन, एवढंच मला कळत होतं. मी उठले आणि अनवाणीच बाहेर पळाले. फरशी अशी तापलेली की तळवे भाजले, ते घरी गेल्यावर कळलं.

मावशी लिंबाखाली ज्वारी निवडत होती. "काय झालं गं पोरी? तोंड बघ की कसं पडलंय!"

मी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. ती उठून माझ्या चपला आणायला आत गेली. आली ती झपाझपा, चपला छातीशी धरून. दार ओढून कुलूप घातलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू काय मागितलंस गं तितं?"

"का? काय झालं?"

"काय न्हाय. घरी जा." आणि चपला माझ्या पायांपुढे ठेवल्या.

ऊन लागलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. वडिलांनी कैरीचं पन्हं करून दिलं. त्या आठवड्यात बहिणीकडे जायचं ठरलेलंच होतं, म्हटलं बरं झालं, तेवढाच बदल. सोलापूर-मंगळवेढा एसटी. गाडीला ही गर्दी! बाजाराचा दिवस असावा. मला खिडकीशी जागा मिळाली. माणसं दांड्याला लोंबकळत होती, पाटीवाल्या बायका खाली बसल्या होत्या, आणि माझ्या शेजारची जागा... रिकामी.

कुणीच बसेना. आधी माझ्याही लक्षात आलं नाही. मग फेटेवाले एक म्हातारे पुढे आले आणि मला म्हणाले, "बाई, ह्यांना जरा आत सरकायला सांगा की. म्हाताऱ्या माणसाला टेकाया तरी जागा हुईल."

"कुणाला?" मी विचारलं.

"ह्यांना की." त्यांनी माझ्या शेजारी बोट दाखवलं. मग बोट तसंच राहिलं. ते त्या जागेकडे बघत राहिले, माझ्याकडे बघितलं, आणि मागे सरकले. लेकरू कडेवर घेतलेली एक बाई मागून म्हणाली, "बसा की वो आजोबा, मोकळी हाय न्हवं जागा?" तर ते म्हणाले, "न्हाय बाई. मी हुबाच बरा हाय."

मंगळवेढ्यापर्यंत मी खिडकीला चिकटून बसले होते. शेजारी बघायची हिंमत झाली नाही. एवढ्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या दंडाला सावलीत बसल्यासारखा गारवा लागत होता. ताईकडे पोचल्यावर मला ताप भरला. तिथल्या डॉक्टरांनी उन्हाचं आणि मनाच्या धक्क्याचं निदान केलं. आई नुकतीच गेलेली... ताईलाही ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं.

पण आता ते कायमच होतं. जेवताना, पाणी भरताना, केस विंचरताना. काही दिसायचं नाही, काही वाजायचं नाही. फक्त शेजारची जागा भरलेली असायची. अन्न गोड लागेना. ताईच्या घरात आठ माणसं, पण मला कुणातही बसलं तरी त्या एकाचीच जाणीव. खरी भीती कशाची होती सांगू? मी काहीही मनात आणलं की ते त्याला आधीच माहीत असायचं. कुणाबद्दलचा मत्सर, आईच्या आजारपणात आलेला कंटाळा, सगळं. ते रागवायचं नाही. नुसतं शेजारी असायचं. ते मला सोसेना.

सोलापूरला परत आले त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. आमच्याकडे तेव्हा पुढे जाऊन लाकडी कठड्याशी गुडघे टेकायची पद्धत होती. मी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी गेले, अगदी कडेला. माझ्या उजवीकडे मार्थामावशी, डावीकडे कुणी नाही, त्यापलीकडे भिंत.

पाळकसाहेब वयस्कर होते, शांत. मला त्यांनीच बाप्तिस्मा दिलेला. ताट घेऊन एकेकाला भाकर देत ते आले. मावशीला दिली. मला दिली. मग त्यांनी मागे वळायला हवं होतं. ते वळले नाहीत. आणखी एक पाऊल पुढे गेले, वाकले आणि माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेपुढे भाकर धरली. तेच शब्द म्हणाले, जे आम्हा सगळ्यांना म्हणाले होते. थांबले. एखाद्याचे हात हळू चालतात तेव्हा थांबतो तसे. मग एकाएकी त्यांचा हात मागे आला आणि ताट कठड्यावर आपटलं.

सगळ्यांनी बघितलं. लोकांना वाटलं, वय झालं, नजर अधू झाली. त्यांनी उपासना कशीबशी उरकली.

नंतर त्यांनी मला बाजूच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. ग्लासभर पाणी प्यायले.

"एस्तेर, तुझ्या शेजारी गुडघे टेकून कोण होतं? बाहेरगावचे कुणी?"

"शेजारी कुणी नव्हतं, साहेब."

त्यांनी रिकामा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "डोक्यावरून वस्त्र घेतलेलं होतं. तोंड दिसलं नाही. मला वाटलं कुणी बाई असेल. हात पुढे केले, ओंजळ करून."

"आई होती का, साहेब?"

"तुझ्या आईला मी ओळखलं असतं, बाळ. तिला मातीत मीच ठेवलं."

"मग कोण? हात कसे होते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर प्रार्थना केलेल्या माणसाच्या डोळ्यांत मी तशी भीती कधी पाहिली नव्हती. "हातांचं मला विचारू नकोस," अंगठ्यानं स्वतःचा तळहात चोळत ते म्हणाले. "पुन्हा कधीच विचारू नकोस."

मी कधी विचारलं नाही. पुढे ते वारले. त्यांना काय दिसलं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला घेऊन चर्चमध्ये गेले. भर सकाळ होती, दारं-खिडक्या सताड उघड्या. तिला म्हटलं, "तू नुसती दारात उभी राहा." ती कुरकुरली नाही, उभी राहिली. मी बाकावर बसले. शेजारी वेत दबला. आज मी पळाले नाही, पण तिकडे बघितलंही नाही. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

खूप काही ठरवून गेले होते. आईच्या तोंडचे शब्द, येशूच्या नावानं घालवून द्यायचं वगैरे... त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. मी रडायला लागले आणि एवढंच म्हणाले, "मला भीती वाटते. मला नाही सोसत. जा."

क्षणभर काही नाही. मग वेत हळूहळू वर आला. कुणी आजारी माणसाच्या उशाशी बसलेलं असावं आणि त्याची झोप मोडू नये म्हणून अलगद उठावं, तसा.

मी दाराकडे बघितलं. मावशीनं पदर सावरला आणि ती बाजूला सरकली. अंग चोरून, चौकटीला पाठ लावून. कुणी मोठं माणूस जाताना आपण वाट देतो ना... तशी. तिची मान आपोआप खाली गेली होती.

"का सरकलीस?" मी ओरडूनच विचारलं.

ती गोंधळली. "म्हाईत न्हाय गं. सरकले खरी." आणि मग तिथंच उंबऱ्यावर बसून ती हमसून रडायला लागली. का ते तिलाही सांगता येईना. शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

चिमण्या ओरडत होत्या. बाक रिकामा होता. सगळं पूर्वीसारखं झालं होतं, अगदी पूर्वीसारखं, गार आणि कोरडं.

त्या दिवसानंतर आजपर्यंत पुन्हा काही झालं नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, रिटायर झाले. सत्तरी उलटून गेली. नवऱ्याला हे सांगितलं होतं. तो म्हणाला, दुःखात माणसाचं मन काहीही रचतं. असेल. माझं मन रचेल. पण एसटीतल्या त्या म्हाताऱ्यांचं मन कशाला रचेल? पाळकसाहेबांचं? मावशीचं?

काही वर्षांपूर्वी एका नव्या पाळकांना सगळं सांगितलं. तरुण आहेत, शिकलेले. म्हणाले, बाई, ते दुष्ट असेल, तुम्ही घालवलंत हे बरंच केलंत. मी मान डोलावली. पण घरी येईपर्यंत एकच विचार डोक्यात होता. दुष्ट म्हणतात ते नुसतं 'जा' म्हटल्यावर जातं का हो? मी त्याला कुणाच्या नावानं बजावलं नव्हतं, शाप दिला नव्हता. नुसती रडले होते. आणि ते माझं ऐकून, माझ्या जिवाला जपत निघून गेलं.

ते काय होतं, मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर... खरं सांगू? ते ऐकायला मी तयार आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. मी रोज प्रार्थना करते. घरच्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, पावसासाठी, सगळ्यासाठी मागते. फक्त 'ये' हा शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथंच थांबतो.