बापाकडचा एक्स

लहानपणी मी पिकलेल्या टोमॅटोंबरोबर कच्चेही तोडायची. लाल आणि हिरवा, दोन्ही मला सारखेच मळकट दिसायचे. शिरूरच्या मार्केट यार्डातून क्रेट परत आले की आप्पा, म्हणजे माझे वडील, मजूर बायांसमोर आईला बोलायचे. ‘हिच्या माह्यारचं रगतच आंधळं हाय. भाऊ तसा, आन् पोरगीबी तशीच.’ मामा एसटीच्या ड्रायव्हरभरतीत रंगांच्या तपासणीत बाद झाला होता, तेवढं आप्पांना पुरायचं. आई मान खाली घालून क्रेट पुन्हा निवडायला बसायची. आप्पा स्वतः तोडणीला कधी हात लावत नसत.

बारावीला जीवशास्त्राच्या बाईंनी गुणसूत्रं शिकवली. पेशीच्या केंद्रकात त्यांच्या तेवीस जोड्या, जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. प्रत्येकात डीएनएचा लांबच लांब धागा, आणि शरीर कसं घडवायचं ते सांगणारे त्या धाग्याचे तुकडे म्हणजे जनुकं. तेविसाव्या जोडीत मुलाला आईकडून एक्स मिळतो, बापाकडून वाय. मुलीला दोघांकडून एकेक एक्स. लाल-हिरवा ओळखायची जनुकं एक्सवर असतात. मुलाचा एकुलता एक्स बिघडलेला निघाला की संपलं; मुलीला दुसरा सांभाळून घेतो.

तास संपल्यावर मी बाईंना गाठलं. मग मुलीलाच रंग दिसत नसतील तर?

‘तर तिचे दोन्ही एक्स तसेच,’ बाई म्हणाल्या. ‘बापाकडे एकच एक्स असतो आणि तो तिला मिळालेला. म्हणजे बापालाही दिसत नसणार.’

मी त्यांच्याकडून ठिपक्यांत लपलेल्या अंकांचं पुस्तक दोन दिवसांसाठी मागून घेतलं. एसटीत ते मांडीवर घट्ट धरून बसले होते. आप्पांना एकट्यात दाखवावं, असं एकदाही मनात आलं नाही.

रविवारी थोरली आत्या आली होती. तोडणीच्या बाया ओसरीवर चहा घेत होत्या. मी आधी आत्याला आणि आईला पुस्तक दाखवलं. दोघींनी भराभर अंक वाचले. मग आप्पांपुढं धरलं. पहिलं पान सगळ्यांनाच वाचता येतं. ‘बारा,’ आप्पा ऐटीत म्हणाले. मी मधलं एक पान उघडलं.

‘हितं काय न्हाई. नुसते ठिपके हायेत.’

‘सात हाय की रं,’ आत्या म्हणाली.

पुढच्या पानावरही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. बाया कप हातात धरून बघत राहिल्या.

‘आप्पा,’ मी म्हणाले, ‘पोरीला हा दोष एकट्या आईकडून येत न्हाई. बापाकडनंबी यावा लागतो. माझ्यात तुमचंच रगत हाय.’

आप्पा उठले आणि चपला न घालताच विहिरीकडं निघून गेले.

आईनं शाबासकी दिली नाही. चुलीपुढं बसून तिनं सांगितलं, की लग्नाच्या वर्षी त्यांनी हिरवं म्हणून तपकिरी लुगडं आणलं होतं, तेव्हाच तिला कळलं होतं. ती वीस वर्षं गप्प राहिली होती. मला तिचाही राग आला.

आप्पा पुढं वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आईला मात्र परत कधी तिच्या माहेरावरून बोलले नाहीत. आता ते थकलेत. आत्या म्हणते, तू चारचौघांत बापाची लाज काढलीस, माफी माग. आईची लाज त्यांनी किती वेळा काढली, ते मी आत्याला विचारते. ती विषय बदलते.