जुना भाग हातात द्या

जगात एकाही माणसाच्या शब्दावर विश्वास न ठेवता साऱ्या जगाशी प्रामाणिक राहिलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे माझे थोरले मामा. भोगावतीच्या काठी आमच्या आजोळी पाणीपुरवठा संस्थेची मोटर आहे, नदीचं पाणी उपसून उसाला देणारी. ती मामांनी तीसेक वर्षं चालवली. शिक्षण चौथी. मोटरचा कुठलाही भाग बदलला की झिजलेला जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून ते संस्थेच्या चेअरमनच्या हातात नेऊन द्यायचे. "बदलला म्हणून सांगणारं लई असत्यात. ह्यो जुना. आधी बघा, मग म्हणा बदलला." चेअरमनच्या कपाटात फायलींपेक्षा बेअरिंगंच जास्त झाली होती. ती टाकून द्यायची कुणाची हिंमत नव्हती, कारण मामा अधूनमधून येऊन ती जागेवर आहेत का ते पाहून जात.

जो नियम स्वतःला, तोच जगाला. दाढ काढली तेव्हा ती खिशात घालूनच ते दवाखान्यातून उठले. मामींच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा सर्जनने खडे छोट्या बाटलीत घालून दिले आणि त्या दिवसापासून तो सर्जन मामांच्या लेखी देवमाणूस झाला. बाटली शोकेसमध्ये जोतिबाच्या फोटोशेजारी ठेवलेली. पाहुण्याने चहाचा कप तोंडाला लावला की मामा ती त्याच्यापुढे धरायचे. "सतरा हायत. मोजा की पावणं." आतून मामी ओरडायच्या, "अवो, माणसाला च्या तरी पिऊ द्या!" मामांचा स्वतःचा आवाजही मोटरशी बोलून बोलून असा चढलेला, की ते कुणाच्या सांत्वनाला गेले तरी गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं. कान मात्र तिखट. स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते आतलं दुखणं ओळखत. आमच्याकडे नवा फ्रीज आला, तेव्हा सगळे त्याला हळदकुंकू लावत होते आणि मामा त्याला कान लावून बसले होते. "भाचं, ह्याला दम लागतोय. गणपतीपतोर टिकंल." गणपतीच्या चार दिवस आधी तो बंद पडला. आमच्या नुकसानीचं दुःख मामांना झालं असेलही, पण चेहऱ्यावर ते दिसलं नाही.

या अविश्वासाचं माझ्यावर मोठं ऋण आहे. माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. बारावीनंतर मला कोल्हापुरात कॉलेजला घालायचं ठरलं, पण कॉलेजच्या ऑफिसात शिरायचीच त्यांना धास्ती वाटायची. मग मामा मोटर बदली माणसावर सोपवून माझ्याबरोबर आले. क्लार्क म्हणाला, "झालं काम, जावा आता." मामा हलले नाहीत. "नाव लिवल्यालं दाखवा, मग उठतो." रांग खोळंबली, क्लार्क चिडला, मागची मुलं हसायला लागली. मी शरमेने भिंतीकडे तोंड केलं. शेवटी त्याने रजिस्टर फिरवून दाखवलं. मामांनी माझ्या नावाखालून बोट फिरवून एकेक अक्षर वाचलं, आणि नाव अर्धंच लिहिलेलं निघालं. ते तिथल्या तिथे दुरुस्त झालं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो असा. पुढे हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक झालो. मला पहिल्यांदा सर म्हणणारेही मामाच, आणि तेही भर बाजारात, मोटरवरच्या आवाजात.

शहात्तराव्या वर्षी मामांना दम लागू लागला. पंपात हवा अडकावी तसं ते त्याला एअर धरलीय म्हणायचे. एक दिवस मोटरघराच्या पायऱ्या चढताना चक्कर येऊन पडले, तेव्हा मी त्यांना कोल्हापुरात हृदयविकाराच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. बाई याच जिल्ह्यातल्या, वयाने मामांच्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय दाखवलं. रक्त बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह कॅल्शियम साचून चुन्यासारखा कडक झाला होता आणि सुईच्या नेढ्यातून जावं तसं त्यातून रक्त जात होतं. यंत्रातून येणारी ती घरघर मामांनी डोळे मिटून ऐकली. "असला व्हॉल्व्ह मी एक दिवस चालू ठेवला नसता," ते म्हणाले. "बदला."

बाईंनी समजावून सांगितलं. छाती उघडायचं ऑपरेशन या वयात आणि अशा फुप्फुसांना झेपणारं नव्हतं. पण आता मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन नवा व्हॉल्व्ह बसवता येत होता. छाती कापायची नाही, दुसऱ्या दिवशी माणूस चालतो. खर्चाची सोय दोन्ही मुलींनी केली होती. मामा खूश होते. मग त्यांनी विचारलं, "आन् जुना हातात कवा देणार?"

"जुना काढत नाही, आजोबा. तो आतच राहतो."

मामा उठले आणि सदऱ्याची बटणं लावू लागले. "मग बदलला कशावरनं म्हणायचं? चला भाचं."

मी पाया पडलो, बरोबर आलेल्या मामी रडल्या, मुली फोनवर ओरडल्या. मामा व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. दहा पावलांवर बाईंची खोली होती, पण तेवढंही त्यांना दम न लागता चालता येत नव्हतं. बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की असंच सोडलं तर वर्षभराचीही खात्री देता येणार नाही. तेव्हा मी आयुष्यात ज्याची सर्वांत जास्त लाज वाटते ते बोललो. "मॅडम, दुसऱ्या कुणाचा तरी जुना व्हॉल्व्ह बाटलीत घालून देता येईल का? त्यांना काय कळणार?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शिक्षक आहात ना?" एवढंच म्हणाल्या.

मग त्या स्वतः बाहेर आल्या आणि बाकावर मामांच्या शेजारी बसल्या. हाताची मूठ सैल वळून त्यांनी मध्ये पोकळी केली. "हा तुमचा जुना. नवा तारेच्या जाळीत घडी करून आणायचा आणि ह्याच्या मधोमध उघडायचा." दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी त्या मुठीत घालून पसरली. "जुना कडेला दाबला जातो. नव्याला एक टाका नाही, काही नाही. जुना कडक आहे, तो धरून ठेवतो, म्हणून नवा जागचा हलत नाही."

"आन् जुना मऊ असता तर?"

"तर नव्याला धरायला अवघड गेलं असतं."

मामांनी वाकून बाईंच्या मुठीत पाहिलं. त्यांनी आपलं जाडं, तेलाने कायमचं काळं झालेलं बोट पुढे करून बाईंच्या मुठीच्या कडेवर हलकेच ठेवलं. "म्हंजे ह्याला काम हाय अजून," ते म्हणाले. इतक्या हळू बोललेले मामा मी तोपर्यंत ऐकले नव्हते. "मग ऱ्हाऊ दे आतच. सही कुठं करायची?"

नळी मांडीतून आत जाताना ते जागे होते. "आलं का वर?" असं त्यांनी तीनदा विचारल्याचं आम्हाला बंद दाराबाहेर ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी ते वॉर्डात चालले, तिसऱ्या दिवशी समोरच्या पेशंटच्या डोक्यावरच्या पंख्याला तेल कमी असल्याचं त्यांनी नर्सला सांगितलं. त्या दुपारी मामी जेवायला गेल्या होत्या. मला राहवेना. बाईंकडे मागितलेल्या खोट्या बाटलीची गोष्ट मी त्यांना सांगून टाकली.

मामांनी उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मला वाटलं, आता सगळा वॉर्ड ऐकेल.

"खोटा भाग दावणार हुतास? मला?"

"व्हय मामा. चुकलो."

"भ्यालतास?"

"लई भ्यालतो."

त्यांनी माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. "मी पण भ्यालतो की रं," ते म्हणाले. "जुना पायजे, जुना पायजे म्हणत हुतो. पर खरं सांगू का, ते नुसतं निमित्त हुतं. कायतरी सांगून परत फिरायचं हुतं." मग दाराकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. "गावात बोलू नगंस. मामीला तर अजाबात न्हाय."

त्यानंतर मामा पाच वर्षं जगले. नदीपर्यंत चालत जायचे, मोटरवरच्या नव्या माणसाच्या चुका काढायचे आणि भेटेल त्याला दोन हातांनी मूठ करून आपलं हृदय समजावून सांगायचे. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चहा पिऊन घरापुढच्या सोप्यावर उन्हाला बसले आणि बसल्या जागीच गेले. दहाव्याला नदीवर माणूस मावत नव्हता. कावळा शिवायची वाट बघत आम्ही उभे होतो. शेजारी उभे असलेले जुने चेअरमन डोळे पुसत म्हणाले, "काय गडी होता. जन्मात कशाला भ्याला न्हाय."

मामी माझ्याकडे पाहत होत्या. मी होय म्हणून मान हलवली.