बाहेरची कडी

सुतार एक नंबरचा हट्टी. गल्लीतल्या निम्म्या घरांची दारं त्याच्या हातची, पण गिऱ्हाइकाचं निमूट ऐकून घेईल तर शपथ! एकदा एका दुकानदाराने म्हाताऱ्या आईच्या खोलीला बाहेरून कडी लावायला बोलावलं. याने हत्यारांची पिशवी उचलली आणि म्हणाला, "माणसाच्या खोलीला कडी आतून असते. बाहेरून लावतात ती गोठ्याला." मजुरी बुडाली, वर शिव्या खाल्ल्या. घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती पोट धरून हसली आणि पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला तो किस्सा ऐकवत राहिली.

आता त्याच बायकोच्या डोक्यात सगळा गुंता झाला होता. पोटच्या मुलीला ती वहिनी म्हणायची. नवऱ्याला कधी ओळखायची, कधी नाही. गेल्या आठवड्यात दुपारी सुतार जरा लवंडला, तेवढ्यात ही बाहेर पडली आणि हमरस्त्याच्या मधोमध सापडली, अनवाणी. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचली.

मुलगी धावत आली आणि बापाला तोंडावर म्हणाली, "बाबा, तिच्या खोलीला बाहेरून कडी घाला. रविवारी येईन तेव्हा कडी दिसली नाही, तर आईला वृद्धांच्या संस्थेत ठेवणार. मग रडा नाहीतर भांडा."

संस्था त्याने पाहिली होती. तिथे तर ओळीने बाहेरून कड्या. निदान इथल्या कडीच्या अलीकडे आपण असू, अशी त्याने मनाची समजूत घातली. तरी रविवार उजाडेपर्यंत त्याचा हात काही पेचकसाकडे गेला नाही.

रविवारी सकाळी त्याने टोमॅटोची आणि मिरचीची रोपं आणून अंगणात ठेवली. बायकोने उमेदीची वर्षं रोपवाटिकेत घालवलेली. म्हटलं, ती मातीत रमेल आणि आपण काय करतोय ते तिला दिसणार नाही. ती रमलीही. बोटाने खड्डा केला, रोप बसवलं, दोन्ही अंगठ्यांनी माती दाबली. डोकं दगा देत होतं, पण हात तस्सेच! ओळ पुरी झाल्यावर मात्र ती उभी राहिली आणि ओरडली, "कुठल्या गाढवाने इतकी जवळजवळ लावलीत?" सगळी रोपं उपटली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खिडकीतून बघताना सुताराला हसू फुटलं.

काम धड होईना. डोळे मिटून दार बसवणारा माणूस, पण आज कडी इकडे तर कोयंडा तिकडे. भोक पाडायला जावं तर दार हलायचं. दार धरायचं काम जन्मभर बायकोचं होतं ना! तो स्वतःवरच चिडला, घाम पुसून पुन्हा कामाला लागला, तर दार हलायचं थांबलं. मातीने भरलेले दोन हात दाराला घट्ट लागले होते आणि खाली पाय रोवलेला होता, नेहमीसारखा.

"धरलंय. करा भोक," ती म्हणाली. मग त्याच्याकडे अनोळखी नजरेने पाहत, "दादा, कुणाची हो खोली?"

सुतार कडीकडे बघत म्हणाला, "आहे एक बाई. आजारी असते."

"मग कडी बाहेरून का?"

"रस्त्यावर जाते. एखाद दिवशी गाडीखाली येईल."

"अगं बाई! मग लावा, लावा. घट्ट लावा." तिने डब्यातून एकेक स्क्रू काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने हात पुढे करायचा आणि तिने द्यायचा, तोंडाने काही सांगावं लागत नव्हतं. शेवटचा स्क्रू मात्र तिने मुठीत धरून ठेवला. इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पण आमच्या ह्यांच्या कानावर घालू नका हं. तेही सुतारच आहेत. बाहेरून कडी गोठ्याला लावतात, म्हणतात. जीव गेला तरी ते माणसाला अशी कडी लावायचे नाहीत. तुम्ही लावलीत असं कळलं, तर तुम्हाला दारात उभं करणार नाहीत."

फाटकाशी मुलीची गाडी थांबल्याचा आवाज आला. बायकोने मूठ उघडली. सुताराने तिच्या मातकट तळव्यावरचा स्क्रू उचलला आणि शेवटपर्यंत पिळला.

"नाही सांगणार," तो म्हणाला.