गद्र्यांचा गतिरोधक

बाळ गद्रे कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नसत. विमा कंपनीत असताना समोरच्यानं "साहेब, माझं प्रकरण..." एवढं म्हटलं, की "कागद आणा" म्हणून ते मोकळे. घरी मंदाकिनीबाई "अहो, मी काय म्हणते" म्हणाल्या, की "कळलं मला" हे उत्तर तयार. सदाशिव पेठेत याला कुणी दोष मानत नाही, हुशारी मानतात. म्हणून तर निवृत्त झाल्याबरोबर रहिवाशांनी त्यांना सोसायटीचे सेक्रेटरी केलं, आणि गद्र्यांनी ते पद असं काही सांभाळलं, की दूधवालासुद्धा जिन्यात दबकत चालू लागला.

मुलगा एकच, आमोद. हिंजवडीत चांगल्या नोकरीला होता. तिशीत आल्यावर लग्नाचं बघायचं सोडून त्यानं एक जुनी मालवाहू पिकअप विकत घेतली आणि तिचं रूप पालटायचा ध्यास घेतला. गाडीची उंची कमी केली, रुंद चाकं घातली, पत्रा घासून गडद हिरवा रंग दिला, मागच्या हौद्याला सागवानी फळ्या लावल्या. गद्रे तिला टेम्पो म्हणत. "काय, टेम्पोची प्रकृती बरी आहे ना?" असं पाहुण्यांसमोर विचारत. आमोद नुसता हसे, आणि त्याचं ते हसणं गद्र्यांना उर्मट वाटे.

एकदा तो गाडी घरी घेऊन आला. पार्किंगमध्ये ऑइलचा डाग पडला, सायलेन्सरच्या आवाजानं वरच्या मजल्यावरचं तान्हं मूल उठलं. कुणी तक्रार करायच्या आत गद्र्यांनीच पुढच्या सभेत ठराव मांडला, की फाटकात गतिरोधक हवा. कारण मुलांची सुरक्षितता. इमारतीत खेळण्याच्या वयाचं एकही मूल नव्हतं, तरी ठराव मंजूर झाला. गवंड्यासमोर उभं राहून त्यांनी तो करून घेतला, असा उभट की स्कूटरवालेही उतरून ढकलत नेऊ लागले. वर पाटी लागली: "गतिरोधक उंच आहे. वाहनाची काळजी वाहनमालकाने घ्यावी." वाहनमालक म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमोदलाही. गाडी त्यानं वाघोलीला कोंडीराम मिस्त्रींच्या शेडमध्ये नेऊन ठेवली आणि त्याचे रविवारही गाडीबरोबर वाघोलीला गेले.

मग आषाढात साध्या तापाचं निमित्त झालं. आमोदला रुग्णालयात नेलं तेव्हा तो स्वतःच्या पायांनी जिना उतरला होता. परत आला तो तसा आला नाही.

घरात बोलणं संपलं. गद्र्यांची ती प्रसिद्ध तिरकस जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. सकाळी चहा व्हायचा, दोघं प्यायची, कप विसळले जायचे. भाद्रपदात एक दिवस कुरियरवाला दारात उभा राहिला. माणसाच्या उंचीचं, चपटं खोकं होतं, त्यावर आमोद बाळ गद्रे असं नाव. मंदाकिनीबाईंनी ते पलंगावर ठेवलं आणि भाजीच्या सुरीनं हळूच चिकटपट्टी कापली. आत काळ्या फायबरचा, कडेला वळवलेला लांब तुकडा निघाला. गद्र्यांनी खोक्यावर वाचलं, फ्रंट स्पॉयलर. बंपरच्या खाली बसवायचा. थायलंडहून यायला एवढे महिने लागले होते.

"बसवून घ्या," मंदाकिनीबाई म्हणाल्या. कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून काढलेले ते पहिलेच शब्द होते. "दसऱ्याला गाडी दारात आणा. मला ओवाळायचंय."

"वर्षाच्या आत आपल्याकडे सण..."

"सण माझा नाही. गाडीचा आहे."

या खेपेला गद्र्यांचंच वाक्य अर्धं राहिलं. पण त्या दिवसापासून त्यांना धरायला काहीतरी मिळालं. ती गाडी त्यानं मनात योजली होती तशी, एका स्क्रूचाही फरक न करता पुरी करायची आणि दारात आणून मंदाकिनीसमोर उभी करायची. आयुष्यभर जे केलं नाही ते एवढं एक करायचं. जमलं, तर त्या घरात दोघांना पुन्हा एकमेकांकडे बघता येईल, अशी त्यांची आशा होती. दुसरी कसली आशा उरलीच नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खोकं रिक्षात आडवं घालून ते वाघोलीला गेले. कोंडीराम मिस्त्री तिथलेच, शेतातल्या गोठ्याची शेड करून बसलेले. माणूस सज्जन, पण मुद्द्यावर येण्याआधी सगळ्या गावाला वळसा घालणारा. खोकं बघून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला, चहा मागवला, पाऊसपाण्याचं बोलले, मग कुठे गाडीवरचं कापड ओढलं. गद्र्यांनी ती गाडी पहिल्यांदा नीट पाहिली. इतकी देखणी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

कोंडीरामांनी गाडी जॅकवर उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या. बंपरची खालची कड थिनरनं पुसली. मग स्पॉयलर खालून धरून कागदी चिकटपट्टीनं तात्पुरता चिकटवला, डाव्या-उजव्या दिव्यांपासून दोरी धरून मध्य काढला आणि भोकांच्या खुणा केल्या. गद्रे उकिडवे बसून सगळं बघत होते. त्यांचे गुडघे ठणकत होते, पण ते हलले नाहीत. खुणा झाल्यावर कोंडीरामांनी स्पॉयलर पुन्हा खाली काढला, पाटावर आडवा ठेवला आणि खालच्या कडेवर पेन्सिलीनं सरळ रेघ मारू लागले. मग त्यांनी कटर उचलला.

गद्रे ताडकन उठले. "हे काय करताय?"

"खालून दोन बोटं कापतो, साहेब. म्हंजी कसं हाय, त्या वक्ताला दादा..."

"हात लावू नका त्याला!"

"न्हाय पन ऐका तरी. दादाच म्हनले व्हते..."

"दादाचं मला सांगू नका. माझा मुलगा होता तो!"

कोंडीरामांनी कटर खाली ठेवला आणि मान खाली घालून पेन्सिलीची रेघ बोटानं पुसली. "त्यानं जसा मागवला तसा बसवा," गद्रे म्हणाले. "एक केसभरही कमी करायचा नाही." मग ड्रिल चालला, वायसर घालून बोल्ट आवळले गेले, दोन्ही टोकांना पट्ट्या लागल्या. संध्याकाळी गाडी घोड्यांवरून खाली उतरली तेव्हा तिचा काळा जबडा जमिनीला टेकल्यासारखा दिसत होता. गद्र्यांना तो फार शोभून दिसला. सकाळी गाडी तुम्हीच चालवा, असं त्यांनी कोंडीरामांना सांगितलं, कारण त्यांना स्वतःला चारचाकी कधी आलीच नाही.

दसऱ्याला सकाळी गद्रे पुन्हा वाघोलीला पोचले आणि दोघं निघाले. गाडीत चढताना गद्र्यांच्या पायाला दाराखाली रबर लावलेली छोटी पायरी लागली. दुखरा गुडघा विनातक्रार वर गेला. पुढची बैठक सलग होती, तिघांची. आमोदनं घेतलेल्या गाडीत गद्रे पहिल्यांदाच बसत होते. नगर रस्त्यावर झेंडू लावलेल्या दुचाक्या, रिक्षा, डंपर धावत होते. प्रत्येक गतिरोधक आला की कोंडीराम वेग अगदी मारून गाडी तिरकी घालत, आधी एक चाक, मग दुसरं. स्पॉयलर निभावून जाई. गद्रे काचेबाहेर बघत होते. एवढ्या वेळा तो बोलावत होता, नगर रस्त्याला एक चक्कर मारू या म्हणून. एकदा आलो असतो तर काय झिजलो असतो, हा विचार आला आणि तो येरवड्यापर्यंत गेला नाही.

गल्लीत वळल्यावर कोंडीरामांनी ब्रेक दाबला. समोर फाटक होतं, दोन्ही बाजूंना दगडी खांब, आणि मधोमध पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा तो गतिरोधक. इथे गाडी तिरकी घालायला जागाच नव्हती.

गद्रे काचेकडे झुकले. त्यांना स्वतःच्या हातचं काम या सगळ्या दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं.

"साहेब, हितंच उभी करू," कोंडीराम म्हणाले. "न्हायतर फळ्या बघतो कुठं मिळत्यात का. यावरनं न्हाय जायची."

पलीकडे मंदाकिनीबाई उभ्या होत्या. आषाढानंतर पहिल्यांदाच इस्त्रीची साडी नेसलेल्या, हातात तबक, निरांजन लावलेलं. वरच्या मजल्यांवर खिडक्या उघडल्या होत्या. मागून एका स्कूटरनं हॉर्न दिला. दारात आणतो म्हटलं होतं. आता फाटकाबाहेरच थांबायचं?

"हळू घ्या," गद्रे म्हणाले. "जाईल."

"साहेब, माझं ऐका..."

"घ्या म्हटलं ना आत!"

पुढची चाकं चढायच्या आधीच आवाज आला. मोठा नव्हता. वाळलेली फांदी मोडावी तेवढाच. स्पॉयलर मधोमध फुटला, एक बाजू पट्टीला लोंबली, दुसरी सिमेंटवर पडली.

कोंडीरामांनी गाडी बंद केली. खाली उतरून त्यांनी तो तुकडा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मग, अडवायला कुणी नव्हतं म्हणून, त्यांचं कालपासून अडकलेलं बोलणं एका दमात बाहेर आलं. "यासाठीच म्हनत व्हतो ओ. हे मागवलं तवाच दादा मला म्हनले, मिस्त्री, आल्यावर खालून दोन बोटं कापायची. आमच्या फाटकात बाबांचा गतिरोधक हाय. एक दिवस पहाटेच खाली उतरून त्यांनी टेप लावून मोजला व्हता, तुमी उठायच्या आदी. म्हनले, गाडी पुरी झाली की तिला दारात न्यायची, आईबाबांना शेजारी बसवायचं. आईचे गुडघे दुखत्यात म्हनून पायरी लावली. बाबा न्हाय म्हनतील, म्हनले, पन दारातच उबी केली तर कसं न्हाय म्हनतील?"

गद्रे गाडीतून कसे उतरले ते त्यांना कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा त्यांच्यापुढे पुरतं बोलला होता. पोरानं बापाच्या रागाचीसुद्धा उंची मोजून ठेवली होती, त्याच्यावरून यायची तयारी केली होती. आणि ती तयारी त्यांनी काल स्वतः आडवं येऊन मोडून काढली होती.

मंदाकिनीबाई गतिरोधक ओलांडून बाहेर आल्या. त्या रडल्या नाहीत. स्पॉयलर फुटलेल्या बंपरला त्यांनी हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, आपट्याचं पान काचेपाशी ठेवलं. मग तबक गद्र्यांच्या हातात दिलं, रिकाम्या हुकावर पिशवी अडकवावी तसं, त्यांच्याकडे न बघता.

"ही ना ती पायरी?" त्यांनी कोंडीरामांना विचारलं. पदर खोचला, पाय ठेवला आणि आत जाऊन बसल्या. "मला थोडं फिरवून आणा. तो नेणार होता तिकडे."

कोंडीरामांनी एकदा गद्र्यांकडे पाहिलं. बैठकीवर अजून एकाची जागा होती. मंदाकिनीबाईंनी हात लांब करून दार ओढून घेतलं.

गाडी मागे मागे जात गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि वळली. बाळ गद्रे आपल्या गतिरोधकावर तबक घेऊन उभे होते. थांबा, मीही येतो, एवढंच म्हणायचं होतं. पण ते ऐकून घेईल असं आता त्यांचं कुणी उरलं नव्हतं.