माझे कान गेले नव्हते

मंडळी, आज इतवारी बाजारात चहा पिताना माझा जुना पार्टनर रामदास हसत हसत एक गोष्ट बोलून गेला. तेव्हापासून डोकं फिरलंय.

ऐंशी सालच्या आसपास आम्ही दोघं भागीदारीत सावनेरपर्यंत प्रवासी जीप चालवायचो. इंजिनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, मी आवाज ऐकून नुसत्या कानानं लावायचो. पण आज लावलं की उद्या बिघडलेलं. स्टार्ट होईना, चढावर दम टाकायची. प्लग, पॉइंट, कॉइल सगळं बदललं.

"तुझे कान गेले गा," रामदास म्हणायचा. मला पटलं. जीप त्याला देऊन टाकली, पुन्हा कधी बॉनेट उघडलं नाही.

आज म्हणतो, "टायमिंग मीच सरकवून ठेवत होतो गा."

"काहून?"

"मले एकट्याले पाहिजे होती जीप."

जीपचं जाऊ द्या. इतकी वर्षं मी माझ्याच कानांना दोष दिला. माझ्या जागी तुम्ही तो चहा संपवला असता का?