लबीबच्या नावाचं पाखरू

दोक्कीच्या आमच्या कीटकसंग्रहात तफीदाशी वाद घालायला कुणी धजावत नसे. वयाने मोठी, म्हणून आम्हा सगळ्यांची ती अब्ला, थोरली ताई. मी शेजारच्या खोलीत भुंगेरे सांभाळायचो. भुंगेरा म्हणजे कसं, डोळ्यांना दिसणारं जनावर. तिची पाखरं म्हणजे बारके पतंग, तांदळाच्या दाण्याएवढे, सगळे मातकट आणि सगळे सारखेच.

"अब्ला, ही धूळ कशाला जमवलीस?" मी चिडवायचो.

"बहगत, भुंगेऱ्यांना अक्कल लागत नाही, म्हणून तर ते तुला दिलेत."

तिचं काम मात्र भलतंच नाजूक. पंखांवरची नक्षी झडून जाते, तिच्यावरून नातं ठरत नाही. तफीदा पाखराचं पोट मोडून घ्यायची, कॉस्टिकच्या पाण्यात गरम करायची, कुंचल्याने खवले झाडायची आणि टोकाकडचे नराचे चिमटे काचेवर पसरायची. ते चिमटे भिंगातून पाहून कोण कुठल्या घराण्यातलं ते सांगायची. तिचं स्वतःचं म्हणाल तर मूल नाही, भाऊ नाही. नवरा लबीब वाळवंटातल्या सिवा गावच्या खजूरबागांचा निरीक्षक होता. मतरूहच्या रस्त्यावर जीप उलटून गेला.

त्याच्या सामानात, औषधाच्या डबीत एक पाखरू सापडलं. डोकं आणि पंख एका घराण्याचे, चिमटे दुसऱ्याचेच. तफीदाने दोन्ही घराण्यांना जोडणारं तिसरं, नवं घराणं मांडलं आणि त्याला नाव दिलं 'लबीबेला'. अख्ख्या घराण्यात ते एकच पाखरू. नाव पुस्तकांत छापून आलं. नवऱ्याचं तिच्याकडे एवढंच उरलं होतं, आणि त्या कप्प्याला ती कुणाला हात लावू देत नसे.

वीसएक वर्षांनी सिवाच्या नव्या निरीक्षकाने त्याच बागेतली डबीभर पाखरं पाठवली. पंख हुबेहूब लबीबेलाचे! कुणाला कधी चहासुद्धा न विचारणाऱ्या त्या बाईने मला ताअमियाच्या वड्यांचं सँडविच खाऊ घातलं.

"एकटं नव्हतं रे ते," म्हणाली. "नातेवाईक आलेत त्याचे."

दुपारी ती माझ्या दारात उभी. चेहरा पार उतरलेला. "जरा येतोस?"

मी जाऊन पाहिलं. नव्या पाखरांचे चिमटे साफ निराळे होते. पंख ज्याचे, त्याच सगळ्यांना ठाऊक असलेल्या जुन्या घराण्याचे. मग तिने लबीबचं पाखरू भिंगाखाली धरलं. पोट मोडून घेतलेल्या जागी मधाच्या रंगाचा बारीक ठिपका होता.

"डिंक," ती म्हणाली.

आमच्या धंद्यात हे पाप आहे. पोट गळलं तर ते इवल्याशा डबीत घालून त्याच टाचणीला अडकवायचं, चिकटवायचं कधीच नाही. एकाच्या धडाला दुसऱ्याचं पोट लागलं की नवीनच प्राणी जन्माला येतो. लबीबने नेमकं तेच केलं होतं. आणि पोट तरी कुणाचं? खजुराच्या गोदामात थव्याने फिरणाऱ्या पाखराचं!

"दुसऱ्या कुणी आणलं असतं तर मी आधी डिंकच शोधला असता," ती म्हणाली.

"कोण बघतंय अब्ला? झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे तशीच."

"आणि उद्या कुणी त्या नावाच्या आधारावर आणखी चार घराणी उभी करील, त्याचं काय?"

"अगं, लबीबचं नाव पुसलं जाईल."

"माहितीये," ती म्हणाली आणि खुर्चीत बसून राहिली.

मला तिचा संताप आला. माणसाने इतकं सरळ असू नये. तिने चूक कबूल करणारा लेख पाठवला आणि तो छापूनही आला. कप्प्यावरची चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने काढली. त्यानंतर ती खोलीचं दार लावून जेवू लागली. मी ठोठावलं तरी उघडत नसे, आणि मला फार वाईट वाटायचं.

ईदच्या सकाळी मी आईच्या कबरीवर गेलो, तर चार कबरी पलीकडे, लबीबच्या कबरीशी तफीदा. खजुराच्या झावळ्या कबरीवर ठेवलेल्या, गोरगरिबांना वाटायचे पाव मांडीवर तसेच. मला वाटलं, फातिहा म्हणतेय. जवळ गेलो, तर बाई चक्क भांडत होती.

"तुटकं आणलं असतंस तर मी काय तुला घरात घेतलं नसतं? डिंक लावायला कुणी सांगितलं होतं तुला?"

मला पाहूनही ती ओशाळली नाही. नाक पुसत म्हणाली, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा इतका राग आलाय त्याचा. भांडायला समोर माणूस लागतो रे, बहगत."

मी तिच्या मांडीवरचे पाव उचलून वाटायला घेतले. पाठीमागून तिचा आवाज येतच होता.

"तुला वाटलं तरी काय? मी ओरडेन?" मग आपणच म्हणाली, "ओरडलेच असते मी."